पगार थांबला, पेन्शन अजून दूर

शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस करीत दौंडला रस्ता जातो. या रस्त्याच्या दोन टोकांना आपल्यातले दोन प्रकारचे नोकरदार राहतात. दौंडला रेल्वेत लागलेले, तर शिरूरकडे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत लागलेले. दौंडजवळ कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे, पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने आहेत. सोयरिकींमुळे ही घरे एकमेकांत गुंतलेली. दोघा साडूंपैकी एक रेल्वेत आणि एक कंपनीत, असे कितीतरी घरांत दिसेल. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर ज्यांनी पंचविशीत काम धरले, ते आता पन्नाशीला आले आहेत. दोघांच्याही घरी आज एकच शब्द ऐकू येतो, व्हीआरएस. स्वेच्छानिवृत्ती.

शब्द एकच, पण त्याचा अर्थ दोन घरांत दोन प्रकारचा आहे. ही गोष्ट दोघींनी, म्हणजे दोघा बहिणींनी, नीट समजून घेतली नाही तर एकीच्या घराचे बघून दुसरीचे घर फसते.

1 जानेवारी 2004 च्या आधी रेल्वेत लागलेल्या माणसाने 20 वर्षे नोकरी करून स्वेच्छेने निवृत्ती घेतली, तर त्याची पेन्शन लगेच सुरू होते. तिला महागाई भत्ता असतो. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंत भाग विकून रोख रक्कम घेता येते आणि 15 वर्षांनी तो भाग परत सुरू होतो. या माणसाचा शेवटचा पगार आणि पहिली पेन्शन यांत खड्डा नाही. राज्य सरकारच्या नोकरीत 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांचेही साधारण तसेच आहे.

कंपनीतल्या साडूचे तसे नाही. त्याची पेन्शन आहे ती 16 नोव्हेंबर 1995 रोजी सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस-95 ची. ती वयाच्या 58 व्या वर्षी सुरू होते. त्याने पन्नासाव्या वर्षी कंपनीच्या गेटला शेवटचा नमस्कार केला, तर मध्ये आठ वर्षे आहेत. आठ वर्षे म्हणजे 96 महिने. 96 वेळा किराणा, 96 वेळा लाइट बिल, आठ वेळा शाळा-कॉलेजची फी. हा खड्डा कशाने भरायचा, याचाच विचार या लेखात करायचा आहे.

हे सगळे नवीन आहे असेही नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात 2007 साली उत्पादन थांबले तेव्हा कामगारांपुढे हाच प्रश्न आला. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये डिसेंबर 2020 ला तो आला. त्याआधी 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना तर स्वेच्छेची बात नव्हतीच, हाती पैसा आला तो उशिरा आणि तुटपुंजा. तरुण वाचकांना वाटेल, रेल्वेत हा प्रश्न कधीच येणार नाही. तोही गैरसमज आहे. 2004 नंतर लागलेल्यांना एनपीएस आहे, आणि मुदतीआधी बाहेर पडले तर साठलेल्या रकमेतला मोठा भाग, 80 टक्के, पेन्शन विकत घेण्यात घालावा लागतो. 1 एप्रिल 2025 पासून केंद्राने यूपीएस ही दुसरी योजना आणली. तिच्यात 25 वर्षे नोकरी करून स्वेच्छेने निवृत्त झालेल्याची हमीची पेन्शन त्याच दिवशी सुरू होत नाही. तो वयाने ज्या तारखेला निवृत्त झाला असता, त्या तारखेपासून सुरू होते. म्हणजे दौंडच्या घरातही हा खड्डा आला.

पेन्शन किती?

आता ज्या पेन्शनची वाट बघायची ती किती, ते आधी बघू. कारण खूप घरांत समज असा आहे की 58 ला पेन्शन सुरू झाली की सुटलो.

ईपीएसचा हिशेब सोपा आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. पण पेन्शनयोग्य पगार म्हणजे तुमचा खरा पगार नव्हे. 1 सप्टेंबर 2014 च्या आधीच्या नोकरीला तो जास्तीत जास्त 6,500 धरतात, त्यानंतरच्या नोकरीला 15,000. समजा एकाने 2000 साली नोकरी धरली आणि 2025 साली सोडली. पहिल्या 14 वर्षांचे 1,300 रुपये होतात. पुढच्या 11 वर्षांचे 2,357 रुपये. 20 वर्षांच्या वर नोकरी झाली म्हणून दोन वर्षे जास्तीची मिळतात, ती धरून पेन्शन चार हजारांच्या आसपास येते. पगार तीस हजार होता की पस्तीस हजार, याचा इथे संबंध नाही. वर महागाई भत्ता नाही. 58 ला जो आकडा ठरेल, तोच पुढे चालतो. 2014 मध्ये किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली, ती वाढावी म्हणून निवृत्तांची आंदोलने दिल्लीपर्यंत गेली आहेत.

मग कोणी सांगतो, 58 ची वाट कशाला, पन्नासाव्या वर्षीही पेन्शन मिळते. खरे आहे, मिळते. दहा वर्षे नोकरी झालेल्याला पन्नासपासून पुढे केव्हाही ती मागता येते. पण 58 ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे चार-चार टक्के कापले जातात. हा नियम 2008 पासूनचा, त्याआधी तीन टक्के होते. आठ वर्षे आधी घेतली तर चौथ्या हिश्श्याहून जास्त पेन्शन जाते आणि ती कायमची जाते. चार हजारांचे तीन हजारही हातात राहत नाहीत. नवऱ्यामागे बायकोला साधारण त्याच्या पेन्शनच्या निम्मे मिळते, ते निम्मेही या घटलेल्या आकड्याचे. अमेरिकेतही 62 ला पेन्शन घेतली तर कमी आणि 67 ला पूर्ण, असाच नियम आहे. घाईची किंमत सगळीकडे वसूल होते.

पण घाई केली तो मूर्ख, असे मी म्हणणार नाही. आठ वर्षे दरमहा अठ्ठावीसशे घेतले तर 58 पर्यंत पावणेतीन लाखांच्या जवळ पैसे हाती येतात. ते थांबलेल्याने भरून काढायला पंचाहत्तरी उलटते. ज्याला मोठे आजारपण आहे, ज्याच्याकडे दुसरी पुंजीच नाही, त्याने आधी घेतली तर त्यात चूक नाही. माझी तक्रार वेगळी आहे. घरी बसून हिशेब न करता, दुसऱ्याने घेतली म्हणून फॉर्म भरणारे फार आहेत.

आलेला पैसा कोणाचा?

खरा घोळ होतो तो व्हीआरएसचा चेक हाती येतो तेव्हा. कंपनी एक मोठा आकडा सांगते. समजा पंचवीस लाख. या पंचवीस लाखांत ग्रॅच्युइटी धरली आहे का, हा पहिला प्रश्न विचारायचा. ग्रॅच्युइटी ही कंपनीची मेहेरबानी नाही. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, असा कायद्याने मिळणारा तो हक्क आहे. फंडाचे पैसे तर तुमचेच आहेत. हे दोन्ही वजा केल्यावर जे उरते तोच व्हीआरएसचा खरा आकडा. युनियनच्या माणसाला बरोबर घेऊन हे लेखी मागून घ्यावे. व्हीआरएसच्या रकमेपैकी, अटी पूर्ण असतील तर, 5 लाखांपर्यंत आयकर लागत नाही. वरच्यावर लागू शकतो, तेव्हा तो आधी विचारून ठेवावा.

आणि चेकची बातमी वस्तीत चेकच्या आधी पोचते. मग भावाला टेम्पो घ्यायचा असतो. मेव्हण्याला प्लॉट दिसतो. विमा एजंट चहाला येतो. जयंतीची वर्गणी यंदा दुप्पट लिहिली जाते. मुलीचे लग्न असेल तर बघायलाच नको. बौद्ध पद्धतीचे लग्न मुळात थोडक्यात होणारे आहे. त्रिशरण-पंचशील झाले, हार घातले, आशीर्वाद झाला. याला पाच लाख कुठे लागतात? लागतात ते डीजेला, मंडपाला, आहेराच्या साड्यांना आणि पाहुण्यांच्या तोंडाला. आपण जुन्या रूढी सोडल्या, पण खर्चाची रूढी दुसऱ्या नावाने आत घेतली.

इथे प्रत्येक घरातल्या बाईने एक वाक्य पाठ करावे. हा पैसा श्रीमंती नाही, हा पुढच्या 96 महिन्यांचा पगार आहे, तो एकदम दिला आहे. महिन्याच्या पगारातून आपण कोणाला टेम्पो घेऊन देत नव्हतो, मग आता का?

राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी संसाराचा उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. मिळकतीचे चार भाग करावे, एक स्वतःच्या निर्वाहासाठी, दोन कामधंद्यात, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. विहारात आपण ते ऐकतो. पन्नाशीला नोकरी सुटलेल्या घराला मात्र फक्त चौथ्या भागावर जगायचे असते, हा फरक ध्यानात ठेवावा.

आता बेरीज मांडू. घरखर्च दरमहा 18,000 धरला तर आठ वर्षांचे 17 लाख 28 हजार होतात. पण भाव थांबून राहत नाहीत. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर आठ वर्षांचा खर्च 21 लाखांच्या वर जातो, आणि 58 व्या वर्षी तेच घर चालवायला महिन्याला 28 हजारांच्या पुढे लागतील. हातात 20 लाख आले आणि त्यातले 15 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत नवरा-बायकोच्या जोडखात्यात घातले, तर 7.4 टक्के दराने महिन्याला 9,250 रुपये येतात. जोडखात्याची मर्यादाही 15 लाखच आहे. हा दर 2023 च्या एप्रिलपासूनचा आहे आणि सरकार दर तिमाहीला दर ठरवते, म्हणून पैसे भरताना विचारून घ्यावे. उरलेल्या पाच लाखांच्या, एकेका वर्षाने मुदत संपेल अशा वेगवेगळ्या ठेवी करायच्या आणि दरमहा कमी पडणारे त्यातून काढायचे. पण महागाई धरली तर हे पाच लाख चार वर्षांत संपतात. पोस्टाची मुदत पाच वर्षांची.

म्हणजे पुंजी कितीही नीट ठेवली तरी निव्वळ पुंजीवर आठ वर्षे निघणे अवघड आहे. घरात महिन्याला सात-आठ हजारांची तरी मिळकत चालू पाहिजे. ती शिलाई मशीनची असो, कॅन्टीनच्या पोळ्यांची असो की नवऱ्याच्या वॉचमनच्या ड्युटीची. मुकादम म्हणून निवृत्त झालेल्याला वॉचमनचा ड्रेस घालायला जड जाते, हे मला कळते. पण एक फायदा सांगते. फंड कापणारी नोकरी धरली तर ती वर्षे पेन्शनच्या वर्षांत मिळवली जातात.

वयाची 55 वर्षे पूर्ण करून व्हीआरएस घेणाऱ्याला आणखी एक चांगली सोय आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ती एरवी 60 नंतरची. पण निवृत्तीचा पैसा हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरला, तर 55 नंतरही खाते उघडता येते. एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के ठरला आणि मर्यादा 30 लाख झाली. तीन महिने उलटले तर ही सोय गेली. पहिले तीन महिने लोक पाहुण्यारावळ्यांत घालवतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

फंडाला हात लावायचा का? शक्यतो नाही. नोकरी सुटली की फंड काढलाच पाहिजे असे नाही. पन्नाशीला सोडलेल्याच्या खात्यावर पुढेही व्याज चढत राहते. 2024-25 साठी ते 8.25 टक्के होते. सहा लाख तसेच राहू दिले आणि व्याज तेवढेच राहिले, तर आठ वर्षांत ते अकरा लाखांच्या वर जातात. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर आयकराचा हिशेब होतो, एवढे लक्षात ठेवावे. चार हजारांच्या पेन्शनला टेकू द्यायला हेच पैसे कामी येणार आहेत. घराचे कर्ज मात्र आधी फेडावे, असे माझे मत आहे. बँकेला नऊ टक्के देत राहायचे आणि पोस्टाकडून साडेसात घ्यायचे, यात काय मिळवले?

पैसा ठेवायचा तो कुठे? एक टक्का जास्त व्याज देणारी पतसंस्था शेजारीच असते आणि चेअरमन ओळखीचा असतो. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 साली निर्बंध आले आणि 2022 साली तिचा परवाना गेला. शिवाजीराव भोसले बँकेचा परवाना 2021 साली गेला. त्या निदान बँका होत्या. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून माणशी 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत राज्यभरच्या लोकांचे पैसे अडकले, त्यांत निवृत्तांचे किती असतील! सभासद म्हणून दहा-वीस हजार ठेवा, बाकीचे पोस्टात आणि सरकारी बँकेत.

ठेकेदाराकडचे आणि हंगामी

हे सगळे पर्मनंट कामगारांचे झाले. रांजणगाव, कुरकुंभला आज आपली जास्त मुले ठेकेदाराकडे आहेत. त्यांना व्हीआरएस नाही, पण पेन्शनचा हक्क आहे, आणि तो ते स्वतःच्या हाताने घालवतात. दोन वर्षांनी ठेकेदार बदलला की ‘दहा-सी’ फॉर्म भरून पेन्शनचे पाच-दहा हजार काढून घेतात. तेवढी वर्षे पुसली जातात. पेन्शनला दहा वर्षे लागतात. ती एकाच ठिकाणी झाली पाहिजेत असे नाही. पाच ठेकेदारांकडची दोन-दोन वर्षे जोडता येतात, मात्र यूएएन नंबर एकच पाहिजे आणि जुने खाते नव्यात वळते केलेले पाहिजे. मोबाइलवर पासबुक उघडून ठेकेदार महिन्याच्या महिन्याला भरतो का तेही दिसते. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांनी एवढे जाणून असावे, की पेन्शनसाठी त्यांचा एक हंगाम पूर्ण वर्ष धरला जातो. पाटस-न्हावऱ्याकडच्या किती घरांना हे ठाऊक आहे?

खड्ड्याच्या वर्षांत आजारपण आले तर सगळी बेरीज कोलमडते. ज्यांचा ईएसआय कापला जात होता आणि जे निदान पाच वर्षे विमेदार होते, त्यांना व्हीआरएस घेतल्यावरही वर्षाला 120 रुपये आगाऊ भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा दवाखाना चालू ठेवता येतो. होय, वर्षाला 120. कंपनीचा दाखला लागतो, तो गेटबाहेर पडण्याआधीच मागून घ्यावा. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. 2023 साली ती सर्व रेशनकार्डधारकांना 5 लाखांपर्यंत लागू करायचे शासनाने ठरवले. रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळवून ठेवली नाहीत तर मात्र ऐन वेळी दवाखान्याच्या काउंटरवर अडते.

नावांचा हा घोळ फंडातही होतो. कंपनीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, जन्मतारीख अंदाजे 1 जून. आपल्याकडे हे सर्रास आहे, कारण आईबाप निरक्षर आणि गुरुजींनी लिहिली ती तारीख. ती दुरुस्ती कंपनी सही करायला आहे तोवर करावी. कंपनी बंद पडली की सहीसाठी कोणाला शोधणार? नोकरी सोडताना दहा वर्षे झालेल्याने पेन्शनचे योजना प्रमाणपत्र काढून ठेवावे. तो 58 च्या आधी गेला तरी बायकोचा पेन्शनचा हक्क त्यावर जिवंत राहतो. नियमही बदलत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या मुदती वाढवायचे ठरवले, 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. म्हणून फॉर्म भरायच्या दिवशीचा नियम पुण्याच्या भविष्य निधी कार्यालयात विचारावा, गावातल्या एजंटला नव्हे.

आणि तिथे जाताना नवऱ्याने एकट्याने जाऊ नये. बायकोला बरोबर न्यावे. पुढे पेन्शनचा ‘दहा-डी’ फॉर्म भरताना तिचे नाव, तिची जन्मतारीख आणि तिचे बँकखाते लागणार आहे. तिच्या आधारवर अजून माहेरचे नाव असेल तर त्याची दुरुस्ती याच आठवड्यात टाकावी.